बाकीचा हिशेब



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत वक्त्याने सहावी-सातवीच्या पुस्तकातला विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. लसावि आणि बाकी यांवरची शाब्दिक उदाहरणे शिष्यवृत्ती परीक्षेसाठी घोकायची, पुढे विसरून जायची आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरला की पुन्हा उजळायची, असा त्यांचा आपल्याकडचा प्रवास ठरलेला आहे. घंटा पुन्हा एकदम केव्हा वाजतील, रांगा केल्या तर किती मुले उरतील, या प्रश्नांकडे विचार करायला लावणारे प्रश्न म्हणून कोणी पाहत नाही. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. या उदाहरणांत आपण लसाविला उत्तराच्या जागी बसवले आणि बाकीला शेवटी मिळवायच्या किंवा वजा करायच्या आकड्यावर आणून ठेवले. खरे काम उलट वाटलेले आहे. एखादा योग किती अंतराने पुन्हा येईल, एवढेच लसावि सांगतो. तो योग मुळात येईल का, आणि पहिल्यांदा केव्हा येईल, हे बाकी सांगते. हा क्रम उलटल्यामुळे विद्यार्थी सूत्र शिकतो, पण प्रश्न वाचायला शिकत नाही.

ओळखीच्या नमुन्यापासून सुरुवात करू. एका बसस्थानकातून एका गावाची गाडी दर १२ मिनिटांनी सुटते, दुसऱ्या गावाची दर १८ मिनिटांनी. दोन्ही मार्गांवरच्या पहिल्या गाड्या सकाळी ६ वाजता सुटल्या, तर त्या पुन्हा एकाच वेळी केव्हा सुटतील? १२ आणि १८ यांचा लसावि ३६, म्हणून ६ वाजून ३६ मिनिटांनी. उत्तर बरोबर आहे. पण ते बरोबर येते, कारण प्रश्न घालणाऱ्याने दोन्ही गाड्यांची सुरुवात एकाच क्षणी करून दिलेली आहे. आता एवढाच बदल करा की दुसऱ्या मार्गाची पहिली गाडी ६ वाजून ५ मिनिटांनी सुटते. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी इथेही ३६ ला हात घालील, फार तर त्यात ५ मिळवील. प्रत्यक्ष वेळा मांडून पाहा. पहिल्या मार्गाच्या वेळा ०, १२, २४, ३६, ४८ अशा जातात, दुसऱ्याच्या ५, २३, ४१, ५९ अशा. १२ आणि १८ या दोन्ही संख्यांना ६ ने भाग जातो. म्हणून पहिल्या मार्गाच्या प्रत्येक वेळेला ६ ने भागले की बाकी ० उरते आणि दुसऱ्या मार्गाच्या प्रत्येक वेळेला भागले की बाकी ५ उरते. एकाच संख्येला ६ ने भागून एकदा ० आणि एकदा ५ बाकी उरणे शक्य नाही. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे दिवसभर धावल्या, वर्षभर धावल्या, तरी त्या एकत्र सुटणार नाहीत. आता दुसरी गाडी ६ वाजून ६ मिनिटांनी सोडा. ६, २४ अशा तिच्या वेळा होतात आणि ६ वाजून २४ मिनिटांनी दोन्ही गाड्या एकत्र सुटतात, मग बरोबर ७ वाजता, मग दर ३६ मिनिटांनी. तिन्ही प्रश्नांत लसावि तोच आहे, उत्तरे मात्र तीन वेगवेगळी आली. फरक पडला तो सुरुवातीच्या अंतरामुळे, म्हणजेच बाकीमुळे.

या तीन उत्तरांमागे एकच नियम आहे. सुरुवातीच्या अंतराला दोन्ही आवर्तनांच्या मसाविने निःशेष भाग जात असेल तर योग येतो, नाही तर येत नाही. मसावि १ असेल, म्हणजे संख्या सहमूळ असतील, तर भाग नेहमीच जातो, म्हणून सुरुवात कशीही असली तरी योग चुकत नाही. निसर्गात याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. तिथल्या सिकाडा नावाच्या किड्यांच्या काही पिढ्या जमिनीखाली १३ वर्षे काढून बाहेर येतात, काही १७ वर्षे. २०२४ साली १३ वर्षांची एक मोठी पिढी आणि १७ वर्षांची एक मोठी पिढी एकाच हंगामात बाहेर आली. त्या दोघींचा आधीचा योग १८०३ सालचा आणि पुढचा २२४५ सालचा. दोन योगांमधले अंतर २२१ वर्षे, म्हणजे १३ गुणिले १७. पण योग येणारच ही खात्री कशातून मिळाली? १३ आणि १७ यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही, यातून. २२१ हा आकडा त्यानंतरचा. १२ आणि १८ मिनिटांच्या गाड्यांना ही खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता पुस्तकातल्या दुसऱ्या नमुन्याकडे वळू. ६, ८ आणि ९ यांनी भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती? लसावि ७२, त्यात ५ मिळवा, उत्तर ७७. मार्गदर्शिकांत असेच उत्तर छापलेले असते. पण ५ या संख्येलाच ६ ने भागून पाहा. भागाकार ०, बाकी ५. ८ ने भागा, ९ ने भागा, तेच. प्रश्नात लिहिले आहे तसे वाचले तर लहानात लहान संख्या ५ आहे, ७७ नव्हे. ७७ हवे असेल तर 'दोन अंकी' किंवा 'भाजकांपेक्षा मोठी' हे शब्द प्रश्नात असायला हवेत. हा शब्दच्छल नाही. अट पूर्ण करणाऱ्या संख्या ५, ७७, १४९, २२१ अशा ७२-७२ च्या पावलांनी जातात. ५ हे त्या रांगेचे पहिले पद आहे आणि ७२ हे पाऊल. जो पहिले पद विसरतो त्याला रांग दिसत नाही, फक्त एक आकडा दिसतो. तिसऱ्या नमुन्यात ४, ५, ६ यांनी भागल्यावर अनुक्रमे ३, ४, ५ बाकी उरतात. प्रत्येक वेळी भाग पूर्ण जायला एकच कमी पडतो, म्हणून ६० मधून १ वजा करून ५९. हे उत्तर सुबक आहे, पण बाक्या अशा एका सुरात उरल्या नाहीत की इथवर शिकलेले एकही सूत्र कामी येत नाही. आणि बाक्या एका सुरात उराव्यात, असा कोणताही नियम नाही.

सूत्राशिवाय काय करता येते, याचा नमुना चौदाशे वर्षे जुना आहे. आर्यभटीयावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने असे उदाहरण दिले आहे: ८ ने भागल्यास ५, ९ ने भागल्यास ४ आणि ७ ने भागल्यास १ बाकी उरते, ती संख्या कोणती? इथे बाक्यांत कसलाच मेळ नाही. तरी कागदावर चार ओळी पुरतात. ८ ने भागून ५ उरणाऱ्या संख्या मांडा: ५, १३, २१, २९. यांत ९ ने भागून ४ उरणारी पहिली संख्या १३. आता या दोन्ही अटी टिकवून पुढे जायचे तर पाऊल किती टाकायचे? ८ आणि ९ यांच्या लसाविएवढे, म्हणजे ७२. कारण ७२ मिळवल्याने दोन्ही बाक्या जशाच्या तशा राहतात. म्हणून १३, मग ८५. १३ ला ७ ने भागले तर ६ उरतात, ८५ ला भागले तर १ उरतो. उत्तर ८५, आणि त्यापुढे ५०४ च्या पावलांनी ५८९, १०९३ वगैरे सगळ्या संख्या. या रीतीत लसाविला त्याची योग्य जागा मिळाली आहे. तो मिळवलेले न गमावता पुढे सरकण्याचे पाऊल आहे. वर पाहिलेले तिन्ही नमुने या एकाच रीतीत बसतात. त्यांच्यासाठी तीन सूत्रे लागत नाहीत.

हे गणित जन्माला आले ते करमणुकीसाठी नव्हे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ४३,२०,००० वर्षांचे युग धरले आणि त्यात गुरूचे ३,६४,२२४ तर शनीचे १,४६,५६४ पूर्ण भगण (फेऱ्या) मोजले. गणिताच्या भाषेत युग म्हणजे सगळ्या ग्रहांच्या आवर्तनांचा एक प्रचंड सामाईक विभाज्य. पण ज्योतिष्याला युगाच्या शेवटाशी कर्तव्य नसते. त्याच्यापुढे असतो आज दिसणारा ग्रह, आपल्या फेरीत कुठेतरी अर्ध्यावर असलेला. त्या अपूर्ण फेरीवरून, म्हणजे बाकीवरून, युगारंभापासून किती दिवस लोटले हे काढायचे असते. त्यासाठी आर्यभटाने आर्यभटीयातल्या गणितपादाच्या शेवटच्या दोन श्लोकांत जी रीत सांगितली तिला पुढे कुट्टक म्हणू लागले, आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ साली त्यावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. चीनमध्ये सुन-त्झूच्या गणितग्रंथात ३, ५, ७ यांनी भागून २, ३, २ बाकी उरणाऱ्या संख्येचा प्रश्न येतो, उत्तर २३. त्याची पूर्ण सर्वसाधारण रीत तिथे छिन च्यु-शाओने १२४७ साली दिली. १८०१ साली गाउसने बाक्यांच्या समतेसाठी स्वतंत्र चिन्ह वापरून या विषयाला आजचे रूप दिले. यात पहिला मान कोणाचा, हा वाद मी इथे घालणार नाही. ग्रह आणि दिनदर्शिका यांचा हिशेब ज्यांना ज्यांना ठेवावा लागला, त्या सगळ्यांना बाकीपाशी थांबावे लागले, एवढे या इतिहासातून स्वच्छ दिसते.

आपल्या परिसरातला पुरावा तर माझ्या मुद्द्याला फारच जवळचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धांतशिरोमणीचा पहिला भाग म्हणजे लीलावती. तिच्यात कुट्टकाचे प्रकरण आहे आणि त्यातले पहिले उदाहरण असे: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? २२१, ६५ आणि १९५ या तिन्हींना १३ ने भाग जातो. तो देऊन टाकला की उरतात १७, ५ आणि १५. १७ पंचे ८५, त्यात ५ मिळवून ९०, म्हणजे १५ सक ९०. गुणक ५, भागाकार ६. आता ६५ च्या जागी ६६ घ्या. २२१ आणि १९५ यांना १३ ने भाग जातो, ६६ ला जात नाही. अशा प्रश्नाला भास्कराचार्य 'दुष्ट' म्हणतात, म्हणजे प्रश्नच सदोष आहे, उत्तर शोधत बसू नका. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हा इशारा प्रकरणाच्या शेवटी अपवाद म्हणून येत नाही. रीत सांगण्याआधी, अगदी पहिल्या सूत्रात तो येतो. आधी प्रश्न सुटण्याजोगा आहे का ते पाहा, मग सोडवा. बसस्थानकाच्या उदाहरणात आपण नेमके हेच केले. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखावरून कळते की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केला. त्या लेखाकडे १८६५ साली भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. ज्या मातीत हे प्रकरण शिकवण्यासाठी दान दिले गेले, तिथल्या आजच्या वर्गात 'हा प्रश्न सुटू शकत नाही' हे वाक्य ऐकू येत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की ही उदाहरणे मुळातच कृत्रिम आहेत. सैनिकांची संख्या तीन-तीनच्या, पाच-पाचच्या, सात-सातच्या रांगा करून काढणारा सेनापती कोणी पाहिला आहे? आक्षेप रास्त आहे. चिनी सेनापतीची ती गोष्ट दंतकथाच मानावी. रांगा लावून बाक्या मोजण्यापेक्षा माणसे मोजणे सोपे. पण कृत्रिम आहे ते प्रश्नाचे कथानक, त्याची रचना नव्हे. तीच रचना आपल्या पंचांगात रोज वापरात आहे. शके संख्येत १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. शके १९४७ मध्ये १२ मिळवले की १९५९. ६० ने भागून ३९ उरतात, आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसु. हा हिशेब उलट दिशेने करून पाहा, म्हणजे शाब्दिक उदाहरणाचा खरा अर्थ कळतो. एखाद्या जुन्या कागदावर फक्त 'आनंदनाम संवत्सर' एवढेच वाचता येते, शक फाटून गेला आहे, असे धरा. आनंद हा अठ्ठेचाळिसावा. म्हणून शक १५३६, १५९६, १६५६ यांपैकी कोणताही असू शकतो. ६० च्या पावलांची ती रांग आहे. कागदात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा उल्लेख असेल तर १५९६ च, हे इतिहास ठरवतो. शाब्दिक उदाहरणात 'विद्यार्थ्यांची संख्या ५०० ते ६०० च्या दरम्यान आहे' असे जे वाक्य येते, त्याचे काम हेच आहे. रांगेतले एक पद निवडणारी ती बाहेरची माहिती आहे. तिथी, वार आणि संवत्सर यांचा मेळ लावून शिलालेखांचे काळ पारखण्याची साधने रॉबर्ट सूएल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ग्रंथरूपाने दिली, आणि अभ्यासक ती साधने पुढे दीर्घकाळ वापरत आले.

युरोपातही हेच घडले. १५८३ साली स्कॅलिजरने २८ वर्षांचे वारचक्र, १९ वर्षांचे चांद्रचक्र आणि १५ वर्षांचे करआकारणीचे रोमन चक्र अशी तीन आवर्तने एकत्र बांधली. तिन्ही संख्या परस्पर सहमूळ, म्हणून लसावि ७९८०. पण तेवढ्याने कालगणना उभी राहत नाही. आरंभ कुठे मानायचा? इसवी सनाच्या पहिल्या वर्षाचे या चक्रांतले क्रमांक १०, २ आणि ४. २८, १९ आणि १५ यांनी भागून अनुक्रमे या बाक्या देणारी संख्या ४७१४. म्हणून तिन्ही चक्रांचा एकत्र आरंभ इसवी सनापूर्वी ४७१३ मध्ये येतो. खगोलशास्त्रज्ञ दिवस मोजताना आजही तिथूनच सुरुवात करतात. आणखी अलीकडचे पाहायचे तर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेल्या कूटपद्धतीत प्रचंड संख्यांवरचा हिशेब दोन मूळ संख्यांच्या बाक्यांत वेगवेगळा करून शेवटी जोडला तर काम बरेच लवकर होते. जोडण्याची ती रीत आणि ८५ काढण्याची रीत यांच्यामागचे तत्त्व एकच. तेव्हा कथानक बदलायचे असेल तर जरूर बदलावे. सेनापती काढून पंचांग घाला, घंटा काढून गाड्यांचे वेळापत्रक घाला. पण कथानक खोटे म्हणून रचना टाकून देणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतो, तिथे रांगा मांडत बसायचे की सूत्र लावून मोकळे व्हायचे? या आक्षेपात शिक्षकांची खरी अडचण आहे आणि तिची टर उडवण्यात अर्थ नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. सूत्रे तीन, त्यांची ओळखचिन्हे तीन, आणि कोणत्या प्रश्नाला कोणते लावायचे हा चौथा निर्णय, तोही ताणाखाली. रांगेची रीत एकच. पहिल्या भास्कराचे मेळ नसलेले उदाहरण आपण आत्ता चार ओळींत सोडवले, आणि समान बाकीचे उदाहरण तर त्याच रीतीने एका ओळीत सुटते. शिवाय ज्याला रीत कळली तो सूत्र हरवले तर पुन्हा बनवू शकतो. ज्याला फक्त सूत्र पाठ आहे त्याला गाडी ६ ऐवजी ६ वाजून ५ मिनिटांनी सुटली की काहीच करता येत नाही. सूत्र वापरू नका, असे मी म्हणत नाही. ते रीत समजल्यानंतर हाताशी यावे, तिच्या जागी येऊ नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. उत्तर नसलेले प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलांपुढे ठेवले तर ती गोंधळतील, त्यांचा आत्मविश्वास जाईल, असे पुष्कळ चांगले शिक्षक मनापासून मानतात. पण असे प्रश्न न ठेवल्याने काय होते, याचा पुरावा उपलब्ध आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणितशिक्षण संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचे वय किती? त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची उलथापालथ करून वय सांगितले. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते आणि ते प्रश्नातल्या आकड्यांतूनच निघते, हा धडा ती शाळेतच शिकली होती. आपला '५ मिळवून ४१' म्हणणारा विद्यार्थी याच धड्याचा पुढचा विद्यार्थी आहे. आणि 'येणार नाही' हे उत्तर मुलाला हिरमुसले करते, असेही म्हणता येत नाही, कारण ते उत्तर कारणासह देता येते. ६ ने भागले तर एकीकडे नेहमी ०, दुसरीकडे नेहमी ५. शालेय गणितात अशक्यतेची इतकी छोटी आणि इतकी पक्की सिद्धता दुसरीकडे क्वचितच सापडते. जे आहे ते मोजून दाखवता येते, पण जे कधीच घडणार नाही ते सिद्ध करण्याचा अनुभव मुलांना भूमितीच्या आधी इथे मिळू शकतो.

म्हणून माझ्या सूचना मोजक्या आणि स्वस्त आहेत. त्यांना नवा अभ्यासक्रम लागत नाही. बाकीचे धडे लसाविच्या आधी घ्यावेत. आवर्तनाच्या प्रत्येक उदाहरणात सुरुवातीची वेळ स्वतंत्रपणे द्यावी आणि काही वेळा ती मुद्दाम वेगळी ठेवावी. उत्तर एकच संख्या म्हणून न मागता 'पहिले पद आणि पाऊल' असे मागावे, आणि एकच संख्या हवी असेल तर ती निवडणारी मर्यादा प्रश्नातच लिहावी, म्हणजे ५ की ७७ हा वाद उरणार नाही. प्रत्येक उदाहरणसंग्रहात किमान एक दुष्ट प्रश्न असावा आणि तो दुष्ट का, हे लिहिण्याला पूर्ण गुण असावेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना तर एवढेच सांगणे आहे की चार पर्यायांतला एक 'शक्य नाही' असा ठेवा, आणि कधीमधी तोच बरोबर असू द्या. ज्या दिवशी परीक्षेला बसलेल्या मुलाला लसावि काढण्याआधी अंतराला मसाविने भागून पाहावे लागेल, त्या दिवसापासून हे प्रकरण घोकून भागणार नाही, आणि शिकवणाऱ्यांनाही ते घोकून घेऊन भागणार नाही.